संगमावरची लूट की कॅम्पातला लिलाव? एका फौजी लेखनपेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं एक जुनं कुटुंब. वाडा पाडून सोसायटी झाली तेव्हा माळ्यावरचं बरंच सामान भंगारात गेलं, पण एक पेटी मात्र कुणी हलवू दिली नाही. ती देवघराखालच्या फळीवर असायची आणि खंडेनवमीला घरातल्या जुन्या कट्यारीशेजारी पूजेला मांडली जायची. तीन भावंडांची ती सामाईक मालमत्ता. थोरले दादा पुण्यात, ताई न्यू जर्सीला, धाकटा ठाण्याला. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे मुद्दाम गाळले आहेत. पेटीच्या मूळ मालकाचंही नाव देत नाही, कारण त्याच्या भावाच्या वंशजांशी पत्रव्यवहार झाला आहे आणि तशी त्यांची विनंती आहे.

पेटी म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्याचं फिरतं टेबल. दीडेक फूट लांब, महोगनीची, कोपऱ्यांना आणि कडांना पितळी पट्ट्या. दोन्ही बाजूंच्या कड्या लाकडात खाच करून आत बसवलेल्या, म्हणजे उंटावर किंवा बैलगाडीत लादताना कुठे अडकायला नकोत. झाकण उघडलं की दोन्ही फळ्या मिळून एक उतरता पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली असते. वरच्या अंगाला दौतीचे दोन चौकोनी खण, लेखण्यांसाठी लांब पन्हळ. फळ्या उचलल्या की खाली कागद ठेवायला जागा. मुक्काम पडला की तंबूत गुडघ्यावर किंवा घडीच्या टेबलावर पेटी उघडायची, पत्रं आणि हिशेब लिहायचे, मेणाने मोहर लावायची, कुलूप घालायचं. लंडनचे व्यापारी हिंदुस्थानात निघालेल्या कॅडेटांना सामानाच्या याद्या देत, त्यात ही पेटी असायचीच.

घरातली कथा अशी होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरचा बंगला सोडून खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला आणि मागे पेशव्यांच्या लोकांनी तो बंगला लुटून जाळला. त्यात त्याची पुस्तकं, कागदपत्रं, सगळं गेलं. एवढा भाग इतिहासाचा. त्यापुढचा घरचा: आपले एक पूर्वज पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पथकात होते आणि त्या लुटीत त्यांच्या वाट्याला ही पेटी आली.

प्रश्न काय होता

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने पेटी पाहिली, कथा ऐकली आणि एक आकडा सांगितला. त्याच बैठकीत, कथा सिद्ध झाली नाही तर किती, हेही दादांनी विचारून घेतलं. दोन आकड्यांत पाचपटीहून जास्त अंतर होतं. विकायला धाकटा तयार, दादांचं मन होईना. ताईंचं म्हणणं तिसरंच: "विकू नका, मी घेऊन जाते. पुढच्या वेळी आले की सामानात टाकते."

तोवर घरी एक पॉलिशवाला येऊन गेला होता. जुनं पॉलिश खरवडून मेलॅमाइन मारायचं, बनात काढून लाल मखमल लावायची, पितळ बफिंग मशीनवर चकाचक करायचं, असा त्याचा बेत. दौतीच्या खणाखालची एक फळी हलते हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर घालून पाहिला. त्याचा ओरखडा आजही आहे. नशीब, वहिनींनी तिथेच थांबवलं.

जुन्या लाकडी सामानाच्या जतनाचं काम मी करतो, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. विचारणा होती, "पॉलिश करावं का?" पण त्याआधी ही पेटी काय आहे आणि कुणाची, हे ठरवणं भाग होतं, कारण पॉलिशवाल्याच्या बेतातली प्रत्येक गोष्ट एकेक पुरावा पुसून टाकणारी होती.

पेटी काय सांगते

सुरुवात कुलपापासून केली. झाकणाच्या कडेला बसवलेल्या कुलपाच्या पितळी पट्टीवर छोटा मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं होती, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. व्हिक्टोरिया गादीवर आली २० जून १८३७ ला. संगमावरचा बंगला जळाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती, तिचा जन्म १८१९ चा.

धाकट्याने लगेच विचारलं, "कुलूप नंतर बदललं असेल तर?" रास्त शंका. जुन्या पेट्यांची कुलपं बदलतातच, किल्ली हरवली की दुसरा इलाज नसतो. म्हणून कुलूप काढून त्याखालचं लाकूड पाहिलं. बदललेल्या कुलपाखाली सहसा जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं सापडतात, किंवा खाच मोठी करून कडेला चिप्पी बसवलेली असते. इथे तसं काहीच नव्हतं. खाच कुलपाच्या मापाची, एकाच पटाशीने केलेली, आतलं लाकूड सगळीकडे सारखंच काळवंडलेलं. कुलूप मूळचंच.

मग स्क्रू. टोकदार लाकडी स्क्रू कारखान्यातून सर्रास यायला लागले ते १८५० च्या आसपास. त्याआधीचे बोथट असत, भोक आधी पाडून मग पिळावे लागत आणि डोक्यावरची खाचही पुष्कळदा मधोमध नसे. या पेटीचे सगळे स्क्रू बोथट निघाले. त्यामुळे १८३७ नंतरचा आणि साधारण १८५० च्या आधीचा असा पट्टा हाती आला. स्क्रूचा पुरावा कुलपाइतका पक्का नाही, जुना साठा कारागीर वर्षानुवर्षं वापरतो. खालची मर्यादा मात्र पक्की आहे आणि एल्फिन्स्टनच्या कथेला तेवढी पुरे.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे बाबा खोटं सांगत होते?" नाही. बाबांनी जे ऐकलं ते सांगितलं. पुण्यातल्या जुन्या घरांत विलायती वस्तू दिसली की तिला खडकी नाहीतर शनिवारवाडा चिकटतोच, आणि दोन पिढ्यांनी तो घरचा इतिहास होतो.

पाटीवरचं नाव

झाकणाच्या मध्यावर पितळी पाटी होती. त्यावर नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली, पण निम्मी अक्षरं गेलेली. कारण साधं होतं: दर खंडेनवमीला पाटी चिंचेने घासली जायची. चिंचेतलं आम्ल पितळावरचा काळा थर काढतं, थोडं पितळही नेतं, आणि त्यावर नारळाची शेंडी फिरली की कोरीव कडा बोथट होतात. शंभरेक दसरे म्हटले तरी बरंच झालं.

पहिला निर्णय इथे घ्यायचा होता. पाटी आणखी स्वच्छ केली तर नाव वाचता येईल का? उत्तर उलटं आहे. झिजलेल्या कोरीव कामात अक्षर ओळखू येतं ते खाचेत साठलेल्या मळामुळे आणि काळेपणामुळे. तो निघाला की उरतो गुळगुळीत पत्रा. म्हणून पाटीला हात न लावता खोलीत अंधार केला आणि पत्र्याला जवळजवळ समांतर धरलेल्या टॉर्चच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढले. एका दिशेच्या उजेडात जे दिसत नव्हतं ते दुसऱ्या दिशेला सावली होऊन उठून आलं. हुद्दा लेफ्टनंट. पलटण मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची, म्हणजे देशी शिपायांच्या पायदळाची, आकडा विसाच्या आसपासचा. आडनावाची शेवटची चार अक्षरं स्पष्ट, सुरुवातीची अंदाजाने. दोन आद्याक्षरांपैकी एकच.

पलटणीच्या आकड्यानेही कुलपाचीच साक्ष दिली. १८२४ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत एका रेजिमेंटच्या दोन-दोन बटालियन असत. त्या वर्षी त्या वेगळ्या करून प्रत्येकीला स्वतंत्र आकडा दिला. इतका वरचा आकडा १८१७ साली कुठल्याच रेजिमेंटला नव्हता.

कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या दरवर्षी निघत. त्यांच्या स्कॅन प्रती आता घरबसल्या पाहता येतात. बंगालच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचा हॉडसनने केलेला चार खंडी चरित्रकोश आहे, मुंबईच्या नशिबी तसं काही नाही, त्यामुळे वर्षामागून वर्षाची यादी चाळण्याला पर्याय नव्हता. त्या पलटणीत १८३७ नंतर लेफ्टनंट असलेले आणि आडनाव जुळणारे दोघे सापडले.

पहिला शीखांविरुद्धच्या दुसऱ्या युद्धात होता. मुंबईहून गेलेली फौज डिसेंबर १८४८ मध्ये मुलतानच्या वेढ्यात सामील झाली, २ जानेवारी १८४९ ला शहर पडलं, २२ ला मूलराजने किल्ला दिला. त्या मोहिमेत हा दुसऱ्या हुद्द्यावर तात्पुरता गेलेला. दुसऱ्याच्या नावापुढे काही वर्षं एवढंच छापलेलं: इंटरप्रिटर आणि क्वार्टरमास्टर. म्हणजे दुभाषा आणि कोठीवाला.

व्यापाऱ्याला अर्थातच पहिला हवा होता. एल्फिन्स्टन गेला तर गेला, मुलतानचा वेढाही विकला जातो.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर कुटुंबापुढे काय काय होतं?

ताईंचा बेत आधी निकालात निघाला. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ चा, ५ एप्रिल १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या किंवा कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू त्यात पुरावशेष ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू विलायतेत बनली म्हणून सुटका नाही. ताईंना हे पटायला वेळ लागला. "आपलीच वस्तू, आपल्याच घरातली!" हे वाक्य त्या फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. घरात ठेवायला मात्र अडचण नव्हती. नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांना आहे, साध्या लाकडी पेटीला नाही.

विक्री देशात करता आली असती, परवानाधारक व्यापाऱ्याला. पण कुठल्या कथेसह? मुलतानचा तर्क सांगून विकणं बेकायदा नसेलही, तरी ती फसवणूकच झाली असती, आणि हे दादांनी स्वतःहून सांगितलं.

तिसरा पर्याय, विकायची की ठेवायची हे लगेच न ठरवता ती हलणारी फळी आधी उघडून पाहायची. अशा पेट्यांत दौतीच्या खणाखाली चोरकप्पे असतात हे जुन्या सामानात वावरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दुभाजक पट्टी वर ओढली की आतल्या स्प्रिंगमुळे एक पातळ फळी सुटते आणि मागे दोन-तीन लहान खण दिसतात. इथे फळी हलत होती पण सुटत नव्हती.

काय केलं

काही केलं नाही, ही पहिली कृती. दिवस श्रावणाचे होते. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि मिलिमीटरभर फुगलेली फळीही जाम बसते. तिला जोर लावला तर दीडशे वर्षांहून जुनी स्प्रिंग तुटणार. पेटी कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर, सुती चादरीत ठेवली आणि दिवाळी होऊ दिली. धाकट्याला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. व्यापाऱ्यानेही मधे दोनदा फोन करून आकडा थोडा वाढवला.

नोव्हेंबरात कोरडी हवा सुरू झाल्यावर पट्टी ओढून फळी अंगठ्याने दाबली आणि ती सुटली. मागे तीन खण, प्रत्येकाला ओढायला चामड्याची बारीक जीभ. दोन रिकामे. तिसरा अर्ध्यावर अडकला, कारण त्याच्या मागे कागद पडला होता. खण भरताना वरून घसरलेला असावा. बांबूच्या पातळ पट्टीने तो बाजूला सारून खण काढला, मग कागद.

चार घड्या घातलेला ताव, शाई तपकिरी झालेली, दोन घड्यांवर चिरलेला. लोहयुक्त शाई कागद हळूहळू खाते, त्यामुळे लिहिलेल्या रेघांवरच कागद तुटायला आला होता. इथे मोह होतो लगेच उलगडून सपाट करण्याचा. कागद-जतन करणाऱ्या सहकारी बाईंनी आधी त्याला सावकाश दमट हवा दिली, मग उलगडलं, चिरांना मागून जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्या. लॅमिनेशन करू का, असं घरातून विचारलं गेलं होतं. या प्रश्नाला एकच उत्तर: कधीही नाही.

तावावर मोडी होती.

मोडी वाचक गृहस्थांनी कागद पाहिला आणि हसायलाच लागले. पत्राचे मायने, म्हणजे सुरुवातीचे ठरावीक आदरार्थी शब्द, होते ते. "अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री" हीच सुरुवात एकाखाली एक, पानभर. वरची ओळ सफाईदार, बोरूने एका दमात ओढलेली. खालच्या सगळ्या ओळी तिची नक्कल, पण लेखणी इंग्रजी टाकाची, अक्षरं उजवीकडे कललेली, मोडीत न उचलता लिहायचं तिथे हात उचललेला. पाचव्या-सहाव्या ओळीपासून जरा जमायला लागलं आहे. मधल्या एका ओळीत "अलंकृत" चुकलं, त्यावर सफाईदार हाताने रेघ मारून बाजूला पुन्हा लिहून दिलं आहे. समासात इंग्रजीत कसलासा रुपये-आण्यांचा हिशेब. पंतोजींचा पगार असेल, किंवा मेसचं बिल.

मुंबई फौजेच्या अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी आणि मराठीच्या परीक्षा असत. दुभाष्याची जागा आणि तिचा भत्ता हवा तर त्या पास होणं भाग होतं. शिपायांचे अर्ज, बाजारच्या तक्रारी, कोर्ट मार्शलमधल्या साक्षी, हे सगळं त्याच्या हातून जायचं. ज्या मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आपण आजही उघडतो, तो याच फौजेतला अधिकारी. आमचा लेफ्टनंट त्या जातीचा विद्वान नव्हता. तो भत्त्यासाठी मायने गिरवणारा विद्यार्थी होता.

पण दोघांतला कोण, हे या तावाने सांगितलं. मुलतानवाल्याच्या नावावर कुठल्याही देशी भाषेची परीक्षा नोंदलेली नाही. दुभाष्याच्या नावापुढे दोन आहेत. पुढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांतून त्याचे कॅडेट होतानाचे कागद मागवले, त्यात बाप्तिस्म्याचा दाखला आणि स्वतःच्या सहीचा अर्ज आहे. तावाच्या समासातले इंग्रजी आकडे आणि अर्जातले आकडे शेजारी ठेवले तर सात आणि चार अगदी एकसारखे. हस्ताक्षराची ही तुलना मी पुरावा म्हणून नाही, दुजोरा म्हणून धरतो.

त्याची उरलेली कथा थोडक्यात. सतरा वर्षांचा असताना मुंबईला उतरला. बराच काळ दख्खनच्या छावण्यांतच गेला. लढाई पाहिली ती १८५६-५७ च्या इराण मोहिमेत: डिसेंबरात बुशायर घेतलं तेव्हा आणि पुढे ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबला, जनरल आउट्रमच्या हाताखाली. त्यासाठी 'पर्शिया' असं लिहिलेली पट्टी असलेलं पदक. मग कॅप्टन. आणि १८६० नंतर लवकरच पुण्याच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, तापाने मृत्यू, अविवाहित.

अशा वेळी पलटणीतले अधिकारी मृताच्या सामानाची यादी करत, लिलाव होई, देणी भागवून उरलेले पैसे घरी जात. या अधिकाऱ्याची यादी दप्तरात आहे. घोडा, खोगीर, बंदूक, पुस्तकं, आणि पितळी बांधणीची एक लेखनपेटी. घेणाऱ्याच्या रकान्यात कॅम्पातल्या एका पारशी दुकानदाराचं नाव.

निष्पत्ती

हे सगळं घरात सांगितलं तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या आत्याही बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचे आजोबा कमिसरिएटात कारकून होते, कॅम्पातनं जुनं सामान आणायची त्यांना भारी हौस. घड्याळ पण तिथलंच होतं की." कमिसरिएट म्हणजे फौजेचं रसदखातं. आत्यांना याआधी कुणी विचारलंच नव्हतं. लुटीची कथा दादांच्या वडिलांकडून आलेली, आणि घरात ती इतकी पक्की होती की त्यावर बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पारशी दुकानदारापासून कारकून आजोबांपर्यंतची कडी कागदावर जुळलेली नाही. पण कॅम्पातली वस्तू कॅम्पातूनच पेठेत आली, एवढं आता तर्काला धरून आहे.

पेटी विकली नाही. व्यापाऱ्याने अंग काढून घेतलं, त्याला मोडी गिरवणाऱ्या कोठीवाल्यात रस नव्हता. धाकट्याची नाराजी टिकून आहे आणि ती मला समजते. त्याला तेव्हा पैशांची खरोखर गरज होती. भावंडांनी साध्या कागदावर करार केला: पेटी दादांकडे राहील, तिघांच्या सहीशिवाय विकायची नाही. तावाचं उत्तम प्रतीचं स्कॅन ताईंना आणि अधिकाऱ्याच्या भावाच्या वंशजांना पाठवलं. मूळ ताव आम्लविरहित फोल्डरमध्ये आहे, पेटीत नाही, कारण महोगनीच्या बंद पेटीतली हवा कागदाला मानवत नाही.

लाकडावर मेलॅमाइन मारलं नाही. धूळ काढून, मऊ कापडाने अगदी पातळ मेण दिलं. बनातीला कसर लागली होती, ती थांबवली आणि विरलेल्या जागांना मागून आधार दिला. पाटीवर चिंच बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. वहिनींचं म्हणणं, पूजेला मांडायची वस्तू काळी कशी ठेवायची? शेवटी तोड निघाली: कट्यार घासायची, पेटीला फक्त फूल वाहायचं, हळदकुंकू खाली पानावर.

वेगळं काय करता आलं असतं

आत्यांशी बोलणं सर्वांत आधी व्हायला हवं होतं. लंडनहून कागद मागवायला पैसे लागतात, आत्यांशी बोलायला लागत नाहीत. घरातल्या कथेबद्दल घरातल्याच पण दुसऱ्या शाखेच्या माणसाला विचारलं, तर ती कुठे सुरू झाली ते पुष्कळदा कळतं. आणि विचारताना समोर घरचे कर्ते नसावेत.

व्यापाऱ्याला कथा आधी सांगून दर विचारण्यापेक्षा उलट क्रम बरा: आधी फक्त वस्तू दाखवायची, मग कथा. पहिला मोठा आकडा कानावर पडला की पुढचा प्रत्येक पुरावा घराला तोट्यासारखा वाटतो. इथे धाकट्याचं तसंच झालं.

पाटीचे फोटो दर काही वर्षांनी कुणी सहज काढले असते तरी आज पहिली अक्षरं मिळाली असती. दादांच्या मुंजीच्या एका अल्बममध्ये पेटी मागे दिसते, पण लांब आणि धूसर. ज्यांच्या घरी कोरीव नावाची पितळी, तांब्याची, चांदीची वस्तू पूजेत आहे, त्यांनी या दसऱ्याआधी मोबाइलच्या टॉर्चने तिरप्या उजेडात चार फोटो काढून ठेवावेत. चिंच नंतर लावा हवी तर.

तावाचा प्रश्न अजून मोकळा आहे. इतिहासाचं मोल असलेले हस्तलिखित कागद पंचाहत्तर वर्षांनंतरच त्या १९७२ च्या कायद्याखाली पुरावशेष ठरतात, त्यामुळे मूळ ताव परदेशातल्या वंशजांना भेट पाठवणं शक्य नाही. एखाद्या संशोधन संस्थेला द्यावा असं माझं मत आहे. इंग्रज शिकाऊ हाताची मोडी आणि त्यावर देशी शिक्षकाची दुरुस्ती एकाच पानावर असलेले कागद फार हाती लागत नाहीत. दादा म्हणतात, पेटी आणि कागद वेगळे करू नयेत. ताई दादांच्या बाजूने, धाकटा माझ्या. पुढच्या भेटीत बोलू असं ठरलंय.